उष्ट्या पानांचा पंच

सोपानराव जाधव लग्नाला जातात ते जेवायला नाही, उष्टी पानं मिटायला.

इथे तमिळ मुलखात, आवडी गावातल्या आमच्या भागात कुठल्याही कार्यालयात जा. पंगत उठली, माणसं हात धुवायला गेली की एक उंच, वाळका, शर्ट खोचलेला म्हातारा ओळीच्या एका टोकाने सुरुवात करतो. कोणी केळीचं पान उघडंच टाकून गेलं असेल तर वरची कड धरून आपल्या बाजूला ओढतो, मिटतो, वरून दाबतो. कोणी पलीकडे मिटलं असेल तर उघडून पुन्हा सुलटं मिटतो. रसम मनगटापर्यंत ओघळतं. पानं उचलणाऱ्या बायका टोपल्या घेऊन मागे खोळंबतात. आधी हसायच्या, आता सवयीने उभ्या राहतात.

इकडे पान मिटण्याला अर्थ आहे. आपल्या अंगाकडे मिटलं म्हणजे जेवण गोड लागलं, पुन्हा येऊ. पलीकडे मिटतात ते फक्त मयताच्या जेवणाला. असं जेवण या घरात पुन्हा होऊ नये म्हणून. आपल्या गावाकडे एवढं कोण बघतं? पान काय, गाईपुढे टाकलं की झालं.

मी एकदा स्पष्ट विचारलं, "लोकांच्या उष्ट्यात हात घालायची हौस कसली हो तुम्हाला?"

"पंच बघतोय, वहिनी," ते म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं. गॅसवाला उशिरा आला, पंच बघतोय. शेजाऱ्याने आमच्या दारात कचरा लोटला, पंच बघतोय. माझे मालक गेले तेव्हा सगळे रडत होते आणि हा माणूस दाराशी उभा राहून तेच म्हणत होता. मला राग आला होता. पण तेरा दिवस पाणी भरलं त्यांनीच.

आणि पानांची एवढी काळजी असलेला हा माणूस स्वतः पानावर जेवत नाही. पिशवीत स्टीलचं ताट घेऊन हिंडतो. लोकांना वाटतं सोवळं असेल. सोवळं कसलं डोंबलाचं, स्टेशनबाहेर उभ्याने वडे खातो.

माझे मालक आणि सोपानराव एकाच फॅक्टरीत, एकाच पाळीला. आम्ही कराडकडचे, ते साताऱ्याचे. क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत होती. रिटायर झाल्यावर घरंही जवळजवळ घेतली, कारण परत जायला गावाकडे कोणी उरलं नव्हतं. त्यांची बायको मुलगी चौथीत असताना वारली. वैशालीच्या वेण्या मग मी घालायची. बाकी सगळं त्यांनी केलं. मुलीला कसं वाढवायचं ते त्यांना माहीत नव्हतं, खो-खो माहीत होता. म्हणून त्यांनी तिला खो-खो शिकवला. एकटी कशी खेळणार? मग क्वार्टर्समधल्या आणखी पोरी गोळा केल्या. तोच संघ आजवर चालू आहे. पोरी बदलतात, सार तेच. सरांना इकडे सार म्हणतात. ड्रायव्हरच्या, शिंपिणीच्या, भाजीवालीच्या मुली. सगळ्या तमिळ.

सोपानरावांना तमिळ शब्द येतात तीन. ओडु म्हणजे पळ, उक्कारु म्हणजे बस, पोदुम म्हणजे पुरे. या तीन शब्दांवर माणसाने इथे पस्तीस वर्षं काढली. मला चांगलं येतं. मी चौथी शिकलेली, पण मी भाजीवाल्यांशी भांडले आहे. हे फक्त शिट्टी वाजवतात.

यंदा पोरींना सोलापूरकडच्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं. खो-खोच्या मुलखात जाऊन खेळायचं म्हणून पोरी हवेत होत्या. पण जायचं कशाने आणि खेळायचं काय घालून? अर्ध्या पोरींचे बूट तोंड वासलेले. माझ्या ओसरीवर बैठक बसली. अंबत्तूरला कॉम्प्युटरच्या ऑफिसात काम करणारी आपली दोन-तीन मराठी मुलंही आली होती. त्यांतला एक निनाद. चांगला मुलगा, पण बोलतो घाईघाईने.

"काका, आपण रन ठेवू. टी-शर्ट छापू. लोक पैसे देऊन पळतात हल्ली."

"पळायचं पोरींनी आहे. लोकांनी पळून काय होणार?"

"मग ऑनलाइन लिंक पाठवू सगळ्यांना."

"लिंकवर मीठ कुठे वाढणार?" सोपानराव म्हणाले. "जेवण घालायचं. कुपनं विकायची. पोट भरलं की हात सैल सुटतो. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, बटाट्याची भाजी. शेवटी दहीभात, नाहीतर इकडच्या माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही. आणि पानावर."

"पानावर?" मी म्हटलं. "तुम्ही घालणार?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताटं कोण घासणार?"

मग तालीम सुरू झाली. वाढायची तालीम! रोज संध्याकाळी मैदानात आठ पोरी ओळीने, हातात रिकाम्या बादल्या. एक शिट्टी, मीठ. दोन शिट्ट्या, भाजी. जिची बादली रिकामी होईल तिने पुढचीच्या पाठीला हात लावून "खो" म्हणायचं, की ती पुढे धावणार. सोपानराव मध्ये उभे राहून ओडु, ओडु ओरडताहेत. पोरींची कॅप्टन कलैवाणी माझ्याकडे आली. पोरींची मी पाट्टी, म्हणजे आजी.

"पाट्टी, सारना सांगा," ती तमिळमध्ये म्हणाली, "शिट्टी ऐकून लोक जेवण टाकून पळतील."

मी सांगितलं. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

जेवणाच्या चार दिवस आधी मी ओसरीत खुर्चीवर डाळ निवडत बसले होते. पाठीला हात लागला. "खो, वहिनी."

मी दचकून उठले, तर हा माणूस माझ्या खुर्चीवर बसला. खो दिला की त्या जागेवर बसायचं, हाही नियम. माझ्या हातात एक कुपन दिलेलं. त्याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"कोणाचं?"

"तांबरमला द्यायचं. माझ्या हातचं ती घेणार नाही."

वैशालीचं लग्न नऊ वर्षांपूर्वी झालं. मुलगा तमिळ, सेंदिल नाव, तांबरमचा. तिने स्वतः पसंत केलेला. सोपानराव आधी नाहीच म्हणाले. दोन महिने लेकीशी बोलले नाहीत. मग मी आणि मालकांनी समजावलं तेव्हा लग्नाला आले. आले, बसले, मुकाट्याने जेवले. मी त्यांच्या शेजारीच होते. जेवण झाल्यावर त्यांनी पानाची खालची कड उचलली आणि पान पलीकडे मिटलं. मयताला मिटतात तसं. नवरीच्या बापाने, लग्नाच्या पंगतीत.

मुलाकडच्यांनी पाहिलं. सेंदिलची आजी रडायलाच लागली. बाप पोरीला मेली म्हणून जेवून उठला, असं सगळीकडे झालं. वैशाली समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे काय केलंत?" सोपानरावांना काय झालं तेच कळेना. कळलं तेव्हा ते उठून चालायला लागले. त्यानंतर नऊ वर्षं दोघं बोललेले नाहीत.

आता खरी गोष्ट. त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. माझंही पान मी तसंच मिटलं होतं. तोवर आम्ही इथे किती लग्नं जेवलो होतो, पण पाहुण्याला कोण शिकवतं? माझ्या पानाकडे कोणी बघितलं नाही. नवरीच्या बापाच्या पानाकडे सगळे बघतात.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मी जाऊन सांगते तिला. तर सोपानराव माझ्यावर ओरडले. "खोटं सांगू नका, वहिनी."

"खोटं काय त्यात? तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं. पण मनात राग होता ना. सगळं जेवण मी रागानेच जेवलो. मग हाताला बरोबर तेवढंच कसं सुचलं?" मग म्हणाले, "सांगितलंत तर मालकांची शपथ आहे."

नवऱ्याची शपथ. मी गप्प बसले. मालक गेल्यावर तरी सांगायचं होतं. तेही राहिलं.

तर मी कुपन घेऊन निघाले. आवडीहून सेंट्रल, तिथे बाहेर पडून पार्क स्टेशनचे जिने, मग तांबरमची गाडी. या गुडघ्यांना विचारा. वैशालीने दार उघडलं, कॉफी दिली. तिची मुलगी आठ वर्षांची. आजोबांनी तिला पाहिलेलं नाही. पोरगी बापाच्या तोंडवळ्याची, पण उभी राहते ती सोपानरावांसारखी, एक पाय पुढे टाकून. आता शिट्टी वाजेल अशी.

"खो-खोच्या पोरींसाठी जेवण आहे," मी म्हटलं.

"पानावर?" तिने विचारलं.

"पानावर."

तिने कुपन फ्रिजवर ठेवलं. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही.

रविवारी क्वार्टर्सच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. फॅक्टरीतले जुने लोक, बँकेतली मराठी मंडळी, पोरींचे आईबाप, त्यांच्या गल्लीतले लोक. पुरण मी शिजवलं, म्हणून चांगलं झालं. पहिल्या पंगतीला सोपानरावांनी मिठाची शिट्टी वाजवली तर एक गृहस्थ खाडकन उठून उभे राहिले. फॅक्टरीत वॉचमन होते बिचारे. पोरी हसून हसून बादल्या सांडायला आल्या. पण वाढलं त्यांनी असं की मी उभ्या जन्मात बघितलं नाही. पान रिकामं दिसलं की खो, आणि पुढची हजर. लोक ओरडताहेत पोदुम, पोदुम, आणि पोळी पानात पडलेलीच. पंगत उठली की सोपानराव पानं मिटत फिरायचे. दर पंगतीनंतर दाराकडे बघायचे, मी बघते आहे असं दिसलं की शिट्टी पुसायला लागायचे.

शेवटच्या पंगतीला ती आली. एकटीच. सोपानराव दारातच होते, तोंडात शिट्टी. ती त्यांच्या शेजारून आत गेली. शिट्टी तशीच दातांत राहिली, वाजली नाही. ते मागे भटारखान्यात निघून गेले. कलैवाणीने शिट्टीवाचूनच वाढायला घेतलं.

वैशाली ओळीच्या शेवटी बसली. मी पोळी घेऊन गेले आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. मला आडवळणाने बोलता येत नाही. म्हटलं, "तुझ्या बापाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मीही तसंच पान मिटलं होतं तुझ्या लग्नात."

ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "मला ठाऊक आहे, काकू."

"काय ठाऊक आहे?"

"त्यांना माहीत नव्हतं ते. दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. मी वाढलेय त्यांच्याजवळ. ज्या माणसाला अजून कॉफी मागता येत नाही, त्याला हे कुठून ठाऊक असणार? सासूबाईंनासुद्धा मी पटवलं." तिचा आवाज चढला नाही. "मी वाट बघत होते. एकदा येतील, चुकलं म्हणतील. एवढंच. तांबरम काही अमेरिकेत नाही."

नऊ वर्षं मी ज्या गोष्टीवर झाकण ठेवून बसले होते, ती रिकामी निघाली. आणि मग मी दुसरं झाकणही काढलं. म्हटलं, "ते येत नाहीत कारण त्यांना वाटतं, चुकलं म्हणणं खोटं होईल. मनात राग होता म्हणतात. हाताने तेच केलं म्हणतात."

तिचा हात पानावर थांबला. मी बोलायला नको होतं की आधीच बोलायला हवं होतं, मला अजून कळलेलं नाही.

ती पुढे जेवली. दहीभातापर्यंत सगळं जेवली. काही टाकलं नाही. मग उठली. पान मिटलं नाही. ना इकडे, ना तिकडे. हात धुतले, माझ्या पाया पडली आणि भटारखान्याच्या दाराकडे एकदा बघून गेली. गाडी चुकेल म्हणाली.

मागे राहिलेल्या पोरी नाचत होत्या. कुपनं सगळी खपली होती, सगळ्या जाणार होत्या, नव्या बुटांसकट. निनादने त्यांचे फोटो काढले. कलैवाणी सारना शोधत होती. सार ओळीत होते.

एकेक पान मिटत ते शेवटच्या पानाशी आले आणि थांबले. लोकांची हजारो पानं मिटलेला माणूस. त्यांनी हात पुढे केला, मग तो हात पाठीमागे नेऊन दुसऱ्या हातात धरला.

"मिटा की," मी म्हटलं.

"नाही, वहिनी. हे तिचं तिने मिटायचं."

"ती गेली."

"हो."

पानं उचलणारी बाई टोपली घेऊन आली. सगळी ओळ उचलत उचलत तिथे पोचली आणि त्या पानाला हात घातला. सोपानराव मध्ये आले.

"अप्पुरम," ते म्हणाले.

अप्पुरम म्हणजे नंतर. हा चौथा शब्द त्यांना येतो हे मला माहीत नव्हतं. बाईने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपली घेऊन गेली.

त्यांनी पिशवीतलं ताट काढलं, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि त्या उघड्या पानाशेजारी, मी उठले होते त्या खुर्चीवर बसले.

"भात असेल तर वाढा, वहिनी."

भात संपला होता. मी पातेलं खरवडलं आणि जेवढा निघाला तेवढा वाढला.