बारा रोग, पान चार गहाळ

नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं आणि हो म्हणायला नुसती मान पुरते. एवढ्याच कारणाने अनिशच्या गळ्यात बारा रोग पडले.

अलकापुरीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मोबाइलवरचे गेम तयार होत. गेम खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे अनिशचं काम. (लोकांना हेवा वाटे. एकाच दारातून चारशे वेळा आत-बाहेर करून दार कुठे अडकतं का ते पाहणं म्हणजे काय, हे लोकांना ठाऊक नसे.) नव्या गेममध्ये एक अवाढव्य यान हजार वर्षांच्या प्रवासाला निघालं होतं आणि वाटेत त्यात रोगांच्या साथी पसरायच्या होत्या. साथी लिहिणारा माणूस लग्न करून कॅनडाला गेला. मालक स्नेहलभाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, "मराठीत कोण लिहील? बारा रोग जोईए, गुरुवारपर्यंत. नाव, लक्षणं, कसा पसरतो, इम्युनिटी कोणाला. बराबर ने?" आणि त्यांची नजर अनिशवर येऊन थांबली. अनिशने मान हलवली.

अनिशची शाळा नववीत सुटलेली. कावीळ झाली की तेलकट खायचं नाही, इथे त्याचं वैद्यकीय ज्ञान संपत होतं. दोन दिवस तो कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी, केवळ बोटं हलती ठेवायची म्हणून, रोज डोळ्यांसमोर दिसतं ते त्याने लिहायला घेतलं. आणि तो राहत होता त्या, समा नावाच्या वस्तीतल्या काकांच्या फ्लॅटमध्ये दिसण्यासारखं पुष्कळ होतं.

रमाकाकू घराबाहेर पडली की गॅस बंद केलाय का बघायला तीनदा परत येई. तिचा झाला 'परतज्वर'. रोगी इंजिनाची कळ पाहिली का या शंकेने यान मागे वळवतो; प्रवासाची दोनशे वर्षं वाया. निरूआत्या "चला, येते" म्हणून उठे आणि दार उघडं धरून पाऊण तास बोलत राही. तिचा 'द्वारस्तंभ'. रोगी निरोप घेत राहतो, यानाचं दार उघडं राहतं, हवा निघून जाते.

आणि मग सुभानरावकाका.

काकांचे पणजोबा संस्थानच्या हत्तीखान्यात होते. मिरवणुकीत बिथरलेले हत्ती त्यांनी म्हणे नुसती हाक मारून जागच्या जागी उभे केले. अनिश या घरात राहायला आला तेव्हा हत्ती दोन होते. गेल्या दिवाळीपर्यंत ते सात झाले. त्यावरून अनिशने 'आवर्त' लिहिला: रोगी यान उल्कांपासून कसं वाचवलं हा एकच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतो आणि दर वेळी उल्कांची संख्या वाढते. प्रतिकारशक्ती: ज्याने तो प्रसंग शंभर वेळा ऐकला आहे, त्याला.

स्नेहलभाई बेहद्द खूश झाले. "आ बधुं तुझ्या डोक्यात येतं कुठून?" अनिशने नुसतं हसून घेतलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण काकांची मुलगी ओवी हिने गेम उतरवून घेतला, त्यात शेवटी अनिशचं नाव वाचलं आणि जेवताना सांगून टाकलं.

काका घास हातात धरून थांबले. "छापून आलंय? नावासकट?"

"मोबाइलवर आहे, बाबा."

"मोबाइलवर असलेलं गेलेलं असतं. प्रिंट काढून आण रे अनिश. रविवारी वाचू."

अनिशने आमटीऐवजी पाण्याचा पेला भातावर ओतला.

काका रेकॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेले. घरातल्या कुणाच्याही नावाचा कागद आला, मग ती मार्कशीट असो की बदलीची ऑर्डर, तो रविवारी जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत मोठ्याने वाचायचा, खाली सही-तारीख घालायची आणि फाइलला लावायचा, हा त्यांचा नेम होता. अनिशच्या नावाचा शेवटचा कागद सहा वर्षांपूर्वी वाचला गेला होता. नववीचा निकाल. काकांनी सातही विषय वाचले, सही केली आणि म्हणाले, "रमा, चहा टाक." त्यानंतर अनिशचे आई-वडील बदलीवर कच्छला गेले, अनिश काकांकडे राहिला, आणि शाळेचा शब्द काकांनी आजतागायत काढला नाही. अशा माणसाला त्याने रोग करून ठेवलं होतं. ते काकांना कळलं, तर ते रागावणार नाहीत, फक्त "रमा, चहा टाक" म्हणतील; आणि अनिशला भीती होती ती नेमकी त्याचीच.

रविवारी निरूआत्या लिलो चिवडो घेऊन आली. काकूने आमटी-भात वाढतानाच सांगून टाकलं, "आज आमच्या अनिशचं वाचन आहे." अनिशने बारा पानं काकांच्या हाती दिली. म्हणजे अकरा. उरलेलं एक चार घड्या घालून शर्टाच्या खिशात होतं.

काका वाचू लागले. 'परतज्वर' संपला तशी रमाकाकू डोळे पुसत हसली. "अगंबाई, ही तर माझी पुण्याची वहिनी. हुबेहूब."

'द्वारस्तंभा'ला निरूआत्याने मांडीवर थाप मारली. "आमच्या शेजारच्या बेन. केम छो म्हटलं की गेला तास. बरं उचललंस रे."

अनिशचा श्वास जरा मोकळा झाला. तेवढ्यात काकांनी पान उलटलं, परत उलटलं आणि चष्मा नाकावर खाली घेतला.

"पान चार कुठाय?"

"चार?" अनिश म्हणाला.

"तीन झालं, समोर पाच आहे. पस्तीस वर्षं मी हेच केलंय, अनिश."

"ते... शाई कमी होती."

"शाई कमी असली तर पान कोरं येतं. गहाळ होत नाही. खिशात काय आहे?"

(खिसा इतका फुगला होता की त्यात एक पान आहे की फरसाणाचा पुडा, असा प्रश्न कुणालाही पडला असता.) अनिशने घडी काढून दिली. काकांनी ती टीपॉयवर तळहाताने इस्त्री केल्यासारखी सरळ केली आणि वाचायला लागले. एकच प्रसंग. पुन्हा पुन्हा. दर वेळी वाढणाऱ्या उल्का.

काका थांबले. ओवीने उशीत तोंड घातलं. रमाकाकूने छताच्या पंख्याकडे पाहायला सुरुवात केली. अनिशला कच्छची गाडी किती वाजता असते ते आठवेना.

काकांनी चष्मा काढून पुसला. "निरू," ते हळूच म्हणाले, "ओळखलंस?"

"मी काय ओळखणार, दादा," आत्या पंख्याकडे पाहत म्हणाली.

"अगं, आपले आबा. दुसरं कोण? तेच सांगणं, तोच आव. दर वेळी हत्ती वाढवायचे. मी लहानपणापासून सांगत होतो, आबा, खरं तेवढंच सांगा." त्यांनी अनिशच्या पाठीवर हात ठेवला. "आबांना, तुझ्या आजोबांना, तू पाहिलेलं नाहीस, तरी काय पकडलंयस रे. रक्तात असतं हे. खरे हत्ती किती होते माहीत आहे?"

"किती?" अनिशने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच नवा वाटला.

"नऊ," काका म्हणाले, आणि मग सबंध गोष्ट सांगितली. सगळ्यांनी ती पुरी ऐकली. एवढ्या आनंदाने ती त्या घरात कुणी कधी ऐकली नसेल. शेवटी काकांनी प्रतिकारशक्तीची ओळ पुन्हा वाचली. "शंभर वेळा ऐकलेल्याला. म्हणजे मला होणं शक्य नाही. आबांकडून मी हजार वेळा ऐकलंय."

"बरोबर," रमाकाकू म्हणाली. "आता मलाही नाही होणार."

अनिश भिंतीला टेकून बसला. पाठीचा घाम गार लागत होता. त्याने चिवड्याची बशी जवळ ओढली. पुढच्या रोगांवर तो चक्क मधून मधून हसलासुद्धा.

"रोग नववा," काका वाचत होते. "आडोसा. लक्षण पहिले: परग्रहावरून कुणी भेटीला आलं की रोगी न्हाणीघरात जातो आणि पाहुणे जाईपर्यंत नळ सोडून ठेवतो."

हा एकच रोग अनिशने निव्वळ डोक्यातून काढला होता. घरातली माणसं संपली तेव्हा. त्याचा त्याला मनातून अभिमानही होता. असा माणूस कुठे असेल, या विचाराने लिहिताना तो एकटाच हसला होता.

खोलीत मात्र सगळे त्याच्याकडे बघत होते.

"अनिशदादा," ओवी म्हणाली, "परवा कुरियरवाला आला तेव्हा तू दहा मिनिटं आत होतास."

"तरीच वॉचमन विचारत होता," काकू म्हणाली, "पाहुणे आले की तुमच्याच मजल्याची टाकी कशी संपते."

"स्वतःवर लिहिणं सोपं नसतं," आत्या गंभीरपणे म्हणाली. "धीर लागतो."

"नाही, हे मी..." अनिशने सुरुवात केली.

"प्रतिकारशक्ती: कुणालाच नाही," काकांनी वाचलं. "परंतु रोगी कुणाच्याही जवळ जात नसल्यामुळे साथ पसरत नाही." ही ओळ त्यांनी दोनदा वाचली, मग समासात 'चि. अनिश' असं बारीक अक्षरात लिहिलं. बाराव्या पानावर सही झाली, तारीख पडली. फाइलमध्ये नववीच्या निकालावर हे बाड चढलं आणि निकाल पार दिसेनासा झाला.

"छान झालं," काका म्हणाले. "पुढच्या रविवारी निरूकडे चाळीस माणसं जमतायत, बारशाला. तिथे हे तूच वाच. लिहिणाऱ्याच्या तोंडून वेगळं वाटतं."

"माझा घसा जरा बसलाय, काका."

काकांनी मान वर केली नाही. फाइलमधलं नववं पान काढून त्यावर बोट ठेवलं.

"लक्षण तिसरं," ते म्हणाले.