टिपणीसकाकांची न निवळणारी बरणी

टिपणीसकाकांच्या घरात खुर्चीवर हप्त्याहप्त्याने बसावं लागतं. आधी खुर्चीला हात लावून तिला कल्पना द्यायची, मग अर्धं वजन टेकवायचं, थोडं थांबायचं, आणि उरलेला माणूस अलगद सोडायचा. चुकून टाच आपटलीत, तर काका ओठांवर बोट ठेवतात आणि पलीकडच्या खोलीत तान्हं मूल निजलं असावं तसं पुटपुटतात, "हळू! गाळ उठेल!"

माझ्या बायकोने, सुनीताने, त्या घरात एकदा शिंक दाबली. ती अजून बाहेर आलेली नाही.

आम्ही शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये समोरासमोर राहतो. रस्त्याच्या अलीकडे शारजा, पलीकडे दुबई. पलीकडे बिअर मिळते. अलीकडे तिचं नुसतं नाव काढलं तरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थबकते. अशा जागी हा सत्शील माणूस घरात बिअर करायचा. आता कायद्याच्या दृष्टीने मी सांगतोय ती निव्वळ थाप आहे, हे आधीच लिहून ठेवतो. बाकी सगळ्या दृष्टींनी ती खरी आहे.

काकांचा उभा जन्म एसीच्या कंपनीत गेला. त्यामुळे कोणी भेटलं की ते आधी त्याच्या डोक्यावर छताकडे बघतात, वारा कुठून येतोय ते. बोलणं बेताचं आणि त्यातही एकच मंत्र, "निवळू द्या." दुबईच्या रस्त्यावर गाड्या मैलभर तुंबल्या, निवळू द्या. साहेब भडकला, निवळू द्या. एकदा आमच्या स्वयंपाकघरात पाइप फुटून सोफा तरंगायला लागला, तेव्हा काका दारात उभे राहून म्हणाले, "आधी निवळू द्या, मग कळेल कुठून येतंय ते."

कुंदाकाकू त्याहून अबोल. काका हॉलमधून काहीही विचारोत, आतून उत्तर यायचं, "हं." त्या एका 'हं'मध्ये होकार, नकार, 'आधी अंघोळ करा' आणि 'तुमच्या बहिणीचं मला सांगू नका' एवढं सगळं मावायचं. काका बरोबर ओळखायचे. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, आणि काकू असेपर्यंत ताकाच्या पुढे न गेलेल्या या माणसाने बिअर लावली.

बेडरूममध्ये, काकूंच्या बाजूच्या पलंगाशेजारी, एक काचेची बरणी. अशी की तीत मध्यम उंचीचा जावई मावेल. तोंडाला घट्ट बूच, बुचातून रबरी नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. बिअर आंबायला लागली की आतला वायू नळीतून निघतो आणि बाटलीत बुडबुडा फुटतो, बुडुक. उजेडाने बिअर नासते, म्हणून बरणीला गुंडाळलेली असायची काकूंची हिरवी सुती साडी. खिडकीला काळे पडदे. दार उघडून आत पहिल्यांदा डोकावलो तेव्हा मला कोपऱ्यात एक बाई गुडघे पोटाशी घेऊन, पाठ करून बसलेली दिसली. मी जी उडी मारली, तिने गाळ नक्कीच उठला असणार.

"काका, चव कशी आहे?"

"चवीसाठी कोण करतंय? मला निवळलेली बघायची आहे. पलीकडचा माणूस दिसला पाहिजे आरपार."

पलीकडे पलंग होता आणि भिंत. माणूस कुठला, हे मी विचारलं नाही.

या निवळण्यावर एक मोठी गोष्ट अडली होती. काकांची मुलगी ऋता इथेच वाढली, आता पुण्यात नोकरी करते. एकट्या बापाच्या काळजीने ती रोज फोन करायची, "बाबा, इनफ! घर सोडा, पुण्याला या." काकांनी शेवटी शब्द दिला, "एवढी बॅच निवळली की खलास. घर सोडतो." घराचा करार संपत आला होता, आणि ऋताने हे काम माझ्यावर सोपवलं. दर आठवड्याला तिचा मला फोन, "अंकल, इज इट क्लिअर येट?" बरणी निवळवायची आणि बाप लेकीकडे पोचवायचा, हे माझ्या आयुष्याचं ध्येय होऊन बसलं.

मी तुरटी नेली. काका म्हणाले, "दाढीचं पाणी करायचंय का?" मी जिलेटिन नेलं, ते गाळाला धरून खाली बसवतं म्हणतात. काकांनी डबा वाचला आणि दोन बोटांनी परत दिला, "हे हाडांचं. कुंदाच्या साडीत हाडं?" मग मी गावाहून निवळीच्या बिया मागवल्या. आमच्याकडे पावसाळ्यात विहीर गढूळली की ही बी उगाळून घागरीत फिरवतात, तासाभरात पाणी आरशासारखं. बिया आणणाऱ्या माझ्या मेहुण्याला विमानतळावर एवढा वेळ उभं केलं, की तो आत गेला तेव्हा केस काळे होते आणि बाहेर आला तेव्हा पांढरे. पण बिया आल्या. काकूंच्या सहाणेवर काकांनी स्वतः उगाळल्या. मग फ्रीजचे सगळे कप्पे काढून बरणी आत बसवली, कारण थंडीने यीस्ट झोपतं आणि झोपलं की तळाशी बसतं. काकांचं दूध, दही, भाजी आमच्या फ्रीजमध्ये आली. आमची भाजी खिडकीत गेली. ती शिजूनच परत आली.

आणि बरणी निवळली! चार दिवसांनी फ्रीज उघडला तर आत सोनं. साडी बाजूला करून मी बरणीपलीकडे पेपर धरला तर वधूवरांच्या जाहिराती वाचता येत होत्या. मी ऋताला फोन करणार, तोच काका म्हणाले, "घाई नको. दोन दिवस बाहेर मुरू दे."

दोन दिवसांनी गेलो तर पुन्हा पिठाचं पाणी! तळापासून तोंडापर्यंत धुरळा, आणि बाटलीत बुडुक, बुडुक.

असं एकदा नाही, दरवेळी. निवळायची, आणि मी ऋताला कळवायच्या आत गढूळ व्हायची. सुनीता म्हणाली, "मी सांगू? तिथं कोणीतरी ढवळतंय."

"कोण?"

"ज्याला काकांनी जायला नकोय, ते."

मी हसलो, पण त्या रात्रीपासून बाथरूमला जाताना सगळे दिवे लावायला लागलो.

त्यात आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा चौकीदार. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या तोच वर आणतो. आता तो काकांची बाटली लिफ्टपाशीच ठेवून पळायला लागला. मी त्याला पकडलं. तो म्हणाला, "साब, अंकलने पूछा, 'पानी आलंय, घेऊ का?' और अंदर से कोई बोला."

"क्या बोला?"

"हं, बोला. साब, अंदर भाभीजी हैं?"

"अरे, भाभीजी तो दो साल पहले..."

"वोही तो!" आणि नातूर जो जिन्याने उतरला, तो बहुधा थेट तळघरात जाऊन थांबला.

दुसऱ्याच दिवशी मी काकांकडे चहाला बसलो होतो, अर्थात हप्त्याने. काका स्वयंपाकघरातून बेडरूमकडे तोंड करून सहज म्हणाले, "आलं घालू?"

शांतता. एसीसुद्धा दम धरून. आणि आतून... बुडुक.

चहात आलं होतं. माझ्या अंगावरचा केस न् केस ताठ उभा होता. शर्ट अंगापासून बोटभर वर उचलला गेला म्हणालात तरी चालेल. "काका, हे कोण?"

"यीस्ट," काका म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

मग तो वाळूचा दिवस आला. दुपारी आकाश हळदीसारखं पिवळं झालं, मग विटकरी. पलीकडची दुबई आधी धूसर झाली, मग नाहीशीच. काचांवर वाळू अशी खरखरत होती, जणू कोणी नखांनी आत येऊ बघतंय. ऋताचा फोन आला. "अंकल, बाबा फोन उचलत नाहीयेत. घरमालकाला आज सांगायचंय, करार वाढवायचा की नाही. प्लीज, जाऊन बघा ना. इज इट क्लिअर?" मी फोन चालूच ठेवला आणि समोरच्या दाराला हात लावला. दार उघडंच होतं.

हॉलमध्ये विटकरी अंधार. मी सवयीने चवड्यांवर चालत बेडरूमपाशी गेलो.

साडी सोडून पलंगावर नीट घडी करून ठेवली होती. बरणी बुचासकट नुसतीच उभी, आणि निवळलेली. असली निवळलेली, की आधी मला वाटलं रिकामीच आहे. तिच्यापलीकडे काका खाली बसले होते. बाटलीत बुडबुडा नव्हता. घरात कुठेही, कसलाही आवाज नव्हता.

"कुंदा," काका म्हणाले. "बाहेर वादळ आहे. खिडकी लावली आहे मी."

काही नाही.

"ऋता बोलावतेय. जाऊ का?"

काहीच नाही. काकांनी बराच वेळ वाट पाहिली. मग त्यांनी बूच काढलं, शेजारचं पातेलं उचललं आणि चमच्याने त्यातलं घट्ट, कोमट पाणी बरणीत सोडायला लागले. मी वासाने ओळखलं. साखरेचा पाक, यीस्टचं खाणं. मग लांब दांड्याचा डाव घेऊन त्यांनी तळ ढवळला, हलक्या हाताने, निजलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावून उठवावं तसा. तळातून एक पांढरा ढग उठला. मान वळवत, पदर पसरत वर आला आणि सगळं सोनं झाकून गेला. काकांनी बूच लावलं, बरणीला साडी नेसवली, निऱ्यासुद्धा केल्या, आणि कान लावून बसले.

मी तसाच उभा होतो, खिशात चालू फोन घेऊन. किती वेळ, माहीत नाही. वाळू खरखरत होती.

बुडुक.

"हं," काका म्हणाले आणि त्यांचे खांदे खाली आले. "मला वाटलंच होतं."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मी दारात. ते दचकले नाहीत. फक्त चमचा पाठीमागे लपवला, डब्यातला लाडू चोरताना सापडल्यासारखं.

"झोपली की उठवावं लागतं," ते म्हणाले. "नाहीतर मग फार शांत होतं रे."

मी फोन कानाला लावला. पलीकडे ऋता ओरडत होती, "अंकल? हॅलो? इज इट क्लिअर?"

मी बरणीकडे पाहिलं. साडीच्या वरच्या काठाशी धुकं गरगरत होतं.

"नाही गं," मी म्हणालो. "गढूळच आहे. यंदा काही निवळायची नाही. तू करार वाढव. आणि ऐक, रजा काढ. काही दिवस इथेच येऊन राहा."

 ती रडवेल्या आवाजात, कधी नव्हे ते इंग्रजीचा आधार न घेता म्हणाली, "येते."

फोन ठेवून मी काकांच्या शेजारी खाली बसलो. हप्त्याने नाही, एकदम. फरशी दणाणली. काकांनी ओठांवर बोट ठेवलं नाही.

"काका, साखर संपत आली असेल. खाली जातोच आहे, आणू का?"

काकांनी पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे.

"आण. पण बारीक आण. जाड लवकर विरघळत नाही."