दोन पंच्याण्णवची कॉन्टेसा

मी फक्त एकदा बोट टेकवलं होतं हो. तेसुद्धा सासऱ्यांचा चेहरा बघवेना म्हणून. त्या एका बोटापायी पुढे जे काय झालं, ते मी मार्केटात कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या दुकानाच्या शेठजींच्या ओळखीतले नसणार.

मी योगराज. मूळचा जालन्याकडचा. सुरतेत रिंग रोडच्या कापड मार्केटात एका साडीवाल्याकडे बिलं फाडतो. (बिलं बनवतो असं म्हणायला हवं. पण हल्ली व्यापारी ऑर्डरी रद्द करतात, त्यामुळे मी ती खरोखरच फाडतो.) डिंडोलीला घर आहे, घरात हर्षदा नावाची बायको आहे आणि गेल्या वर्षापासून तिचे वडील, शालिग्रामआबा, आमच्याकडे राहायला आलेत.

आबा पारोळ्याकडचे. कतारगामला जयंतीशेठ म्हणून हिऱ्यांचे कारखानदार आहेत, त्यांची गाडी आबांनी उभा जन्म चालवली. दुधी रंगाची कॉन्टेसा. शेठनी पुढे नव्या गाड्या घेतल्या, परदेशी घेतल्या, पण दिवाळीला देवळात जायचं तर कॉन्टेसा आणि पुढच्या सीटवर आबाच. सासूबाईंना शेवटच्या आजारपणात दवाखान्यात नेलं ते त्याच गाडीतून. आमच्या लग्नात मी नवरी घेऊन निघालो तोही त्याच गाडीतून. चालवायला खुद्द आबा. सगळ्या वरातींत मुलीचा बाप रडत मागे उभा राहतो. आमचा पुढे बसून रडत होता आणि मी मागून, "आबा, ट्रक! आबा, ट्रक!" असं ओरडत होतो.

मग हिऱ्यांना मंदी आली. दिवाळीची सुट्टी होळीपर्यंत लांबली. शेठनी आबांना घरी बोलावून चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. म्हणताना शेठच रडले म्हणे, त्यामुळे आबांना रडताही आलं नाही.

तेव्हापासून आबा आमच्या खिडकीत बसून असत. जेवायला बोलावलं तर येत, वाढलं तेवढं खात, अजून हवं का विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवत. हर्षदा स्वयंपाकघरात डोळे पुसून पुन्हा हसत बाहेर यायची.

एके दिवशी शेठच्या मुनीमांचा फोन आला. शेठ कॉन्टेसा विकतायत. जुन्या, शौकाच्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव करणारी कुठलीशी कंपनी आहे, तिथं रविवारी सकाळी लिलाव. आबा त्या दिवशी आपणहून बोलले.

"जवाईबापू, ते मोबाइलमधी दिसतं का हो? किती बोली लागली ते?"

आबा माझ्याशी जावई म्हणून जपून मराठीत बोलतात. भान सुटलं की अहिराणीवर जातात.

"दिसतं की! काय मोठंसं," मी म्हणालो. (मोठंसं होतं. लिलाव बघायचा तर नाव नोंदवायचं आणि नोंदणीला दहा हजार डिपॉझिट. नंतर परत मिळणारं. मी दुकानातून उचल घेऊन भरले.)

"दोन सालाआधी अशीच एक गाडी अकरा लाखाला गेली होती," आबा म्हणाले. "शेठनीच सांगितलं होतं. आपली तर तिच्याहून चांगली. एक ओरखडा नाही."

आपली म्हणाले ते.

रविवारी सकाळी आबा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून माझ्या शेजारी बसले. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. हर्षदा आत शेवभाजीच्या तयारीला लागली. पडद्यावर कॉन्टेसाचा फोटो, खाली आकडा. एक लाख चाळीस हजार. बोलीदाराचं नाव दिसत नाही, नुसता नंबर. नंबर नऊ.

आम्ही बघत राहिलो. आकडा हलेना.

"कितला झाया?" आबांनी विचारलं.

"एक चाळीस."

"सुरुवात असेल."

"हो, सुरुवातच."

ती सुरुवात नव्हती. शेवटची पाच मिनिटं उरली होती. मंदी फक्त आमच्या सुरतेत थोडीच होती! ज्यांनी दोन वर्षांपूर्वी अकरा लाख दिले, तेही बहुतेक आपापल्या खिडकीत बसले असणार.

"एक चाळीस," आबा स्वतःशीच म्हणाले. मग हळू आवाजात, "एवढीच का?"

ते गाडीबद्दल विचारत नव्हते, एवढं मलासुद्धा कळलं. आणि मी बोट टेकवलं. आबांना वाटलं असणार, मी पडदा सरकवतोय. हिशेब साधा होता: मी एकदा पाच हजारांनी वाढवीन, नंबर नऊ चिडून वर जाईल, आबांना बरं वाटेल, मी बाजूला.

"एक पंचेचाळीस," मी आकडा वाचून दाखवला. "चढली!" आबा म्हणाले. नंबर नऊ गप्प. आता गाडी माझ्या गळ्यात पडणार म्हणून मला घाम फुटला, तेवढ्यात देव पावला. एक पन्नास! नंबर बावीस! मी ओरडूनच वाचलं.

"नवा मानूस आला!" आबा सरसावून बसले.

इथं शहाण्या माणसानं मोबाइल बंद केला असता. पण आबांच्या तोंडावर जे काही उजाडलं होतं, ते वर्षभरात आमच्या घरात कुणी बघितलं नव्हतं. मी पुन्हा बोट टेकवलं. बावीस लगेच वर. मी पुन्हा. बावीस पुन्हा. शेवटच्या मिनिटात बोली लागली की दोन मिनिटं वाढतात असा त्या कंपनीचा नियम होता. त्यामुळे लिलाव संपेचना.

"कोण असंल हा बावीस नंबर?" आबा म्हणाले.

"जयपूरकडचा कुणी असेल. हवेलीवाला."

"मानूस पारखी शे," आबा म्हणाले. "अगं हर्षदा, दोन लाख झाले! बाहेर ये, बघ तरी!"

"आले आले, आबा! हात भरलेत!" आतून हर्षदा ओरडली.

दोन वीस. दोन चाळीस. आबा मला कॉन्टेसाच्या गोष्टी सांगू लागले. पुरात कमरेएवढ्या पाण्यातून तिनं शेठाणींना कसं बाहेर काढलं, सासूबाई मागच्या सीटवर पडून कशा म्हणाल्या, "हळू चालवा, मला बरं वाटतंय." सांगता सांगता हसत होते. मी ऐकत होतो आणि बोट चालवत होतो. बावीस नंबरवर माझा आता इतका विश्वास बसला होता की मी आकड्याचा विचार करणंसुद्धा सोडलं होतं.

दोन पंच्याण्णवला मी बोट टेकवलं आणि आतून जळका वास आला. बावीस नंबर थांबला.

दोन मिनिटं संपली. पडद्यावर रंगीत कागद उडाले. "अभिनंदन! गाडी तुमची झाली."

मी मोबाइल पालथा घातला. आबांना वाचायला चष्मा लागतो, हे माझं त्या दिवसातलं एकमेव नशीब.

"गेली. दोन पंच्याण्णवला," मी म्हणालो.

"हवेलीवाल्याला?"

"हवेलीवाल्याला."

आबांनी डोळे मिटून हात जोडले. मग पायात चपला सरकवल्या आणि गल्लीच्या तोंडावरून किलोभर जिलबी घेऊन आले. घरोघर वाटली. "अशा मंदीमधी दोन पंच्याण्णव! गाडी शे ती, भंगार नही!" त्यांचा आवाज मला आत मोरीपर्यंत ऐकू येत होता. मी मोरीत होतो. लपायला आमच्या घरात दुसरी जागा नाही.

शेवटी स्वयंपाकघरात गेलो. हर्षदा करपलेल्या पातेल्यासमोर उभी होती.

"अगं, जरा घोळ झालाय."

"माझ्याकडूनही झालाय," ती म्हणाली. "आधी माझं ऐका. रागावू नका. आबांना वाईट वाटू नये म्हणून मी मोबाइलवर..." ती थांबली. "पण वाचले हो! तो सतरा नंबरचा हावरा मेला वर गेला म्हणून वाचले."

माझा नंबर सतरा होता.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग पातेल्याकडे.

"तू थांबलीस का?" मला एवढंच सुचलं.

"रस्सा लागला खाली! तुम्ही का नाही थांबलात?"

"मला वाटलं, तू जयपूरची आहेस."

तिचं म्हणणं असं, की मी नोंदणीचं नक्की विसरणार अशी तिला खात्री होती, म्हणून साड्यांना खडे चिकटवून साठवलेल्या पैशांतून तिनं स्वतःची नोंदणी करून ठेवली होती. ती हसायला लागली. मीही लागलो. बाहेर आबा कुणाला तरी पुराची गोष्ट सांगत होते. ती ऐकता ऐकता हर्षदा हसायची थांबली आणि ओट्याला टेकून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. पैसे भरा. मी नाही म्हणालो. डिपॉझिट जप्त. मोकळा झालो असं वाटतंय तोच हर्षदाचा फोन वाजला. "अभिनंदन, मॅडम! पहिलं गिऱ्हाईक मागे हटलं. दोन नव्वदला गाडी तुमची." तिचंही डिपॉझिट गेलं. नवरा-बायकोनं मिळून वीस हजारांची जिलबी खाल्ली.

पण शेठना तोंड दाखवणं भाग होतं. संध्याकाळी आम्ही दोघं कतारगामला गेलो. खाली कारखान्यात हिरे घासायच्या चाकांवर जुन्या चादरी टाकलेल्या. शेठ वर एकटेच बसले होते.

"आवो, आवो जमाईराज! शालिग्रामभाईंना कळलं ना? दोन पंच्याण्णव!" शेठचा चेहरा खुलला होता. "सगळं विकलं, भाव कशालाच नाही आला. या एका गाडीनं लाज राखली. मी ठरवलंय, त्यातले पन्नास हजार शालिग्रामभाईंना देणार. माझ्याकडून त्यांना काहीच देणं झालं नव्हतं."

हर्षदानं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मग तिनंच सांगितलं. सगळं, रश्श्यासकट.

शेठ ऐकत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसणं थांबलं तरी पाणी थांबेना.

"म्हणजे भाव आलाच नव्हता," ते म्हणाले. "तुमच्या घरातच फिरत होता तो." मग डोळे पुसून म्हणाले, "शालिग्रामभाईंना सांगू नका."

आम्ही नाहीच सांगितलं. शेवटी गाडी गेली नंबर नऊला, एक चाळीसला. कडोदऱ्याला हायवेवर त्याचं हॉटेल आहे. पण मुनीमांना आमच्या नाटकाची कल्पना नव्हती. त्यांनी आबांनाच फोन केला: बंद पडलेली कॉन्टेसा चालू करून कडोदऱ्यापर्यंत पोचवायला दुसरं कुणी नाही, तुम्हीच याल का?

"हवेलीवाला कडोदऱ्याला कसा?" आबांनी मला विचारलं.

"तिथून ट्रकवर चढवणार असतील," मी म्हणालो. आणि बरोबर गेलो. काय करणार होतो देव जाणे.

आबांनी गाडी पुसली. आरशाला हार घातला. पहिल्या फटक्यात ती चालू झाली नाही, तेव्हा तिच्याशी हळूच काहीतरी बोलले. दुसऱ्या फटक्यात झाली. कडोदऱ्यापर्यंत नजर रस्त्यावरून हटली नाही. हात मात्र एकदम तरुण दिसत होते.

हॉटेलच्या दारात मालक उभा होता. "बस चाचा, यहीं दीवार से लगा दो. इंजिन निकलवा दूँगा, बच्चे लोग अंदर बैठके फोटो खींचेंगे."

आबांनी गाडी भिंतीला लावली. इंजिन लगेच बंद केलं नाही. मग विचारलं, "कितने में पड़ी, साहब?"

मी खोकलो. जोरात खोकलो. उपयोग झाला नाही.

"एक चालीस में! कोई दो पागल लगे थे चाचा, दो पंचानवे तक खींच ले गए. फिर दोनों भाग गए."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी हॉटेलचा फलक वाचायला घेतला. पनीरचे चौदा प्रकार होते. सगळे वाचले.

आबांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला, हार काढून खिशात ठेवला आणि किल्ली मालकाच्या हातात दिली. "दरवाजा जोराने नका लावू," मराठीतच म्हणाले. मालकानं मान हलवली आणि जोरात लावला.

परतताना आम्ही शटल रिक्षात दाटीवाटीनं बसलो. आबा बाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "एक पागल तुम्ही. दुसरा?"

"हर्षदा," मी म्हणालो. "आबा, आम्हाला ठाऊक नव्हतं. वेगवेगळं..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. डोळे भरून आले होते. आधी मला वाटलं, गाडीसाठी. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"पोरगी कुठवर गेली होती?"

"दोन नव्वद."

"आणि तुम्ही दोन पंच्याण्णव."

"हो."

आबांनी खिशातल्या रुमालानं डोळे पुसले, नाक शिंकरलं.

"लग्नाला सतरा वर्षं झाली, जवाईबापू," ते म्हणाले. "माझ्या पोरीच्या वर तुमचा शब्द गेलेला मी आज पहिल्यांदा ऐकतोय. तोही कंपनीनं रद्द केला."