मिसेस टॅपस्कॉट यांची पाणपोई

कोणत्याही सुसंस्कृत संस्थेत एखादी गोष्ट वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली असेल, तर तिची चौकशी होणं अटळ असतं. तक्रारी येत असतील तर निदान कारभार चालू आहे एवढं तरी कळतं. तक्रारच नसेल तर काहीतरी मुरतंय असं समजावं.

आमच्या डेटफर्डच्या टिलर्स लेन बोल्स क्लबात असंच मुरत होतं. बोल्स हा हिरवळीवर काळे गोळे हळू गडगडवायचा आणि ते छोट्या पांढऱ्या गोळ्याजवळ थांबले की त्याहून हळू टाळ्या वाजवायचा खेळ आहे. सभासद बासष्ट. सरासरी वय एकाहत्तर (मी सत्तावीस वर्षांचा आहे, मी नसतो तर सरासरी जास्त सन्माननीय झाली असती). बारच्या फळीवर जिनची एकच बाटली मावते, कारण उरलेल्या जागेत १९५८ साली जिंकलेली ढाल आहे आणि ती हलवायला सर्वसाधारण सभा लागते.

ती एक बाटली कोणती, हे एकतीस वर्षं मिसेस मॉरीन टॅपस्कॉट ठरवत होत्या. त्या बार सांभाळत. बारची किल्ली त्यांच्या स्वेटरला पिनेने लावलेली असे आणि त्यांचे यजमान वारल्यापासून, त्यांच्याच शब्दांत, 'घरी जायला एक जागा' म्हणजे हा बार होता. त्यांची निवडीची पद्धत अशी: जिनचा थेंब तळहातावर घ्यायचा, दोन्ही हात चोळायचे, वास घ्यायचा. आधी ज्युनिपर आलं पाहिजे. ज्युनिपर म्हणजे ती काळी, सुरकुतलेली झुडपाची फळं, ज्यांच्यामुळे जिन ही जिन असते. मग मागून धणे, मग संत्र्याची साल. आणि ड्राय म्हणजे ड्राय, साखरेचा हातसुद्धा लागता कामा नये. एवढं जमलं की बाटली फळीवर. जाड बुडाचा ग्लास, ग्लासभर बर्फ, एक भाग जिन, दोन भाग टॉनिक, लिंबाची एक फोड. सभासद पीत आणि 'छान' म्हणत. एकतीस वर्षांत याशिवाय दुसरा अभिप्राय नोंदला गेलेला नाही, यावरून कारभार किती ढिसाळ होता याची कल्पना यावी.

यंदा क्लाइव्ह ऑलरेन्शॉ अध्यक्ष झाले. ते कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पायवाटफलक विभागातून निवृत्त झाले आहेत. डेटफर्डमध्ये कुठल्याही कोपऱ्यावर उभं राहिलं तर तुम्ही कुठे आहात हे तीन फलक तीन प्रकारे सांगतात, ते त्यांचंच काम. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "या जिनच्या निवडीचा कागद कुठे आहे?"

कागद नव्हता. कोणीतरी बिस्किट मोडलं, ते सगळ्या बैठकीला ऐकू आलं.

त्यातून जिन निवड व आस्वाद उपसमितीची स्थापना झाली. तज्ज्ञ म्हणून मिस पर्पेटुआ लाइल यांना नेमलं, कारण त्यांनी आस्वादाचा दोन दिवसांचा वर्ग केला होता (दुसऱ्या दिवशी प्रकृतीच्या कारणाने त्या जाऊ शकल्या नव्हत्या). सचिव मी. ठराव असा, की मिसेस टॅपस्कॉट यांनीही इतरांसारखीच परीक्षा द्यावी. शंभरपैकी चाळीस मिळाले तर बार त्यांच्याकडे. नाही मिळाले, तर हंगामाच्या पहिल्या शनिवारी किल्ली मिस लाइल यांच्याकडे.

"अहो, पण मी तर इथेच असते," मॉरीन म्हणाल्या.

"तेच तर तपासायचंय," ऑलरेन्शॉ म्हणाले.

परीक्षेचा फॉर्म मी तयार केला. तो माझ्या आजवरच्या लिखाणातला सर्वांत प्रौढ मजकूर आहे. अडतीस रकाने: व्हायलेटची फुलं, काकडी, पांढरी मिरी, वेलदोड्याची झाक, ओला दगड, जुनं पुस्तक, आजीचा हातमोजा वगैरे. सुरुवातीला एकोणचाळीस होते. छपाईच्या आदल्या दिवशी मी 'ज्युनिपर' हा रकाना काढला. जिनमध्ये ते असतंच. जे प्रत्येक ग्लासात असतं त्याला रकाना देणं म्हणजे कागदाची नासाडी. ऑलरेन्शॉ यांनी माझी पाठ थोपटली. "तुझं डोकं कौन्सिलच्या लायकीचं आहे, बार्नबी," असं ते म्हणाले आणि मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी परीक्षा झाली. नियमाप्रमाणे जिन बर्फाविना, तिच्याइतकंच पाणी घालून, ट्यूलिपच्या आकाराच्या छोट्या ग्लासात. आधी हुंगायची, तोंड किंचित उघडं ठेवून. मग जिभेवर फिरवायची. मग बादलीत थुंकायची. गिळणं हा गैरप्रकार. ग्लास सहा, प्रत्येक ग्लासला वेगळी बादली, बादल्यांवर नंबर.

मिस लाइल यांनी पहिल्याच ग्लासला चौदा खुणा केल्या. ऑलरेन्शॉ यांनी त्यांच्या कागदाकडे पाहून तेरा केल्या (एक कमी, म्हणजे स्वतंत्र विचार दिसतो). स्टॅन बीडल या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सभासदांनी एक सोडून बाकी सगळ्या ग्लासांसाठी 'आजीचा हातमोजा' यावर खूण केली. आजीबद्दल त्यांना फार माया होती.

मॉरीननी फॉर्म उलटा केला आणि मागे पेन्सिलीने लिहिलं. एक: साबण. दोन: माझ्या बहिणीचा कपड्यांचा खण. तीन: जॅम. पाच: काकडीचं सँडविच, कालचं. सहा: हे मी बोलणार नाही, बनवणाऱ्याची आई जिवंत असेल. चार नंबरला त्यांनी थेंब तळहातावर घेतला, हात चोळले, वास घेतला आणि डोळे मिटले.

"ही जिन आहे," त्या म्हणाल्या.

"मिसेस टॅपस्कॉट," ऑलरेन्शॉ समजुतीच्या सुरात म्हणाले, "जिन सहाही ग्लासांत आहे."

"नाही हो साहेब. एकाच ग्लासात आहे."

"मग तिच्यात कसली चव आहे ते लिहा ना. रकाने दिलेत."

"जिनची."

"तो रकाना नाही."

"मग तो काढला कोणी?"

सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मीही पाहिलं, माझ्या बुटाची नाडी सुटली होती, हा योगायोग.

निकाल नि:पक्षपाती लागला. पहिला क्रमांक तीन नंबरला. चार नंबरच्या ग्लासला अडतीसपैकी एकाही रकान्यात कोणाचीच खूण नव्हती. स्टॅन यांनीसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदाच, आजीला बाजूला ठेवलं होतं. सरासरी शून्य. अहवालात मी लिहिलं: 'ग्लास क्रमांक चारला गंध व चव आढळली नाही.' चार नंबरची बादली मात्र अगदी कोरडी निघाली. मला धरून पाच जण, पाच ग्लास, बादलीत काही नाही. मी 'बाष्पीभवन' अशी नोंद केली.

मॉरीन यांना गुण शून्य, कारण त्यांनी कागदाच्या चुकीच्या बाजूला लिहिलं होतं.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी सकाळी त्यांनी स्वेटरची पिन काढली आणि किल्ली बारवर ठेवली. लिंबाचा चाकू उचलून पिशवीत टाकला. "हा क्लबाचा नाही, माझा आहे," त्या म्हणाल्या. सगळ्यांना वाईट वाटत होतं आणि आमच्याकडे वाईट वाटलं की माणूस हवेबद्दल बोलतो. हवा चांगली होती, असं सर्वांचं मत पडलं.

नवी सेवापद्धती दुपारी बाराला सुरू झाली. गोल्डफिश सुखाने राहील एवढा मोठा गोल ग्लास, त्यात सुकवलेल्या संत्र्याची चकती, गुलाबी मिरी आणि रोजमेरीची ताजी फांदी. त्याआधी गिऱ्हाइकाला सात प्रश्न.

"जिन दे गं बाई," स्टॅन म्हणाले.

"कोणत्या मनःस्थितीसाठी?" मिस लाइलनी विचारलं.

"तहान."

"ती मनःस्थिती नाही, मिस्टर बीडल. आपल्याला फुलांकडे जायचंय की लाकडाकडे?"

"माझ्या वयात लाकडाकडेच जायचंय गं, पण आधी जिन दे."

पहिल्या तासात चार ग्लास दिले गेले. डोळ्यात फांदी जाण्याचे प्रकार दोन. चष्मा वापरणाऱ्या सभासदांमध्ये हे प्रमाण शून्य आहे, हे पद्धतीच्या बाजूने नमूद करतो.

आता एक गोष्ट सांगायला हवी. परीक्षेत उरलेल्या बाटल्यांची विल्हेवाट लावण्याचं काम सचिवाकडे होतं. पाच मी लावल्या. चार नंबरच्या दोन मी मॉरीनच्या दारात ठेवून आलो होतो. का, ते अहवालात नाही.

त्यामुळे त्या दिवशी हिरवळ सपाट करायचा रोलर ठेवायच्या शेडमागे, पालथ्या बादलीवर मॉरीन बसल्या होत्या. शेजारी बर्फाची पेटी, टॉनिक, लिंबं आणि स्वतःचा चाकू. स्टॅन डोळा चोळत तिकडे गेले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. स्टॅन उभे दिसले म्हणून त्यांच्यामागे एक बाई उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे दोघे. आमच्याकडे माणूस रांग दिसली की आधी उभा राहतो, कशाची ते मग विचारतो, आणि पुष्कळदा तेवढा आगाऊपणा करत नाही. पाऊण तासात रांग हिरवळीला वळसा घालून फाटकापर्यंत गेली. त्यात दोघे जण क्लबाचे नव्हतेच; ते बसची वाट पाहत होते.

ऑलरेन्शॉ हा प्रकार बंद पाडायला तावातावाने निघाले. पण मॉरीनपर्यंत पोचायचं तर रांग मोडून पुढे जावं लागणार. अध्यक्ष झाला म्हणून माणसाने रांग मोडावी? ते शेवटी जाऊन उभे राहिले. पंचवीस मिनिटं, हातात नियमावली. नंबर आला तेव्हा मागे अकरा जण होते आणि मागच्यांना ताटकळत ठेवून भांडण काढणं असभ्य दिसलं असतं.

"काय देऊ साहेब?" मॉरीननी विचारलं.

"एक," ऑलरेन्शॉ म्हणाले. मग आवाज उतरवून, "लिंबू जरा जास्त."

ते प्यायले. "छान," असं काहीतरी त्यांच्या तोंडून निसटलं, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. अध्यक्षांनी बारच्या बाहेर, परवान्याशिवाय दिलेलं मद्य प्राशन केलं होतं. साक्षीदार अकरा.

"बार्नबी," ते कुजबुजले, "काहीतरी कर बाबा."

उपसमितीची तातडीची बैठक शेडमागेच भरली. मी फॉर्म काढले. ग्लास क्रमांक चार: गंध नाही, चव नाही, अध्यक्षांची सही आहे. रंग तर जिनला मुळातच नसतो. रंग नाही, गंध नाही, चव नाही, अशा द्रवाला काय म्हणतात ते शाळेत सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. आणि पाणी वाटायला परवाना लागत नाही. मिसेस टॅपस्कॉट यांनी दुपारभर जे केलं त्याला पाणपोई म्हणतात, आणि ते पुण्याचं काम आहे, असा ठराव एकमताने संमत झाला. सूचक मिस लाइल. त्यांचा हा दुसरा ग्लास होता.

दुसऱ्या शनिवारी पाऊस आला. पाणपोई आत घेणं भाग पडलं. आत पाण्याचा नळ एकच आणि तो बारच्या मागे. नळ ज्याच्या ताब्यात, किल्लीही त्याच्याचकडे हवी, हे ऑलरेन्शॉ यांनीच नियमावलीत शोधून काढलं. त्यांनी किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली. मॉरीननी ती स्वेटरला लावली.

"एकतीस वर्षं जिन दिली, तेव्हा माझ्याकडे चिठोरं नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "आता पाणी देतेय तर सहीशिक्का आहे बघ. ये राजा, ग्लास घे. आणि तो फॉर्म खिशात ठेव आधी."

क्लबात आता दर शनिवारी माणशी सरासरी तीन ग्लास पाणी प्यायलं जातं. ज्येष्ठांना एवढं पाणी पाजल्याबद्दल कौन्सिलच्या आरोग्य विभागाने आमचं लेखी कौतुक केलं आहे. तीन नंबरची बाटली ढालीशेजारी आहे, सीलबंद.

या हकिकतीबद्दल वाचकांचं मत घ्यावं असं उपसमितीने ठरवलं असून, त्यासाठीचा फॉर्म मीच तयार केला आहे. रकाने अडतीस. 'हसू आलं' हा रकाना ठेवलेला नाही. विनोदी मजकुरात ते असतंच. आतापर्यंत एकोणीस वाचकांचे फॉर्म भरून आले. रकाना कमी आहे अशी तक्रार एकाचीही नाही. एकोणीसच्या एकोणीस जणांना या कथेत वेलदोड्याची झाक आढळली आहे.

तुम्हालाही ती लागली असेलच.