दीड ताऱ्याचं पथक

दिवाळीपर्यंत दारव्ह्याची पोरं अशी परीक्षणं लिहितील, की पुण्या-मुंबईचे टीकाकार पेन खिशात घालून घरी बसतील! शाल्मलीबाईंनी हे शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला होता ना!

योजना सोपी होती. आठवीच्या वर्गाचा ब्लॉग काढायचा. शाळेत संगणक चार, त्यातला चालू एक, आणि वीज असली तर तोही! पोरांनी पुस्तक वाचायचं, परीक्षण लिहायचं, पाचपैकी तारे द्यायचे. नियम दोनच : खरं लिहा, आणि कारण द्या.

अडचण एवढीच, की पुस्तकं कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. पुस्तकं शाल्मलीच्या बाबांची, नीळकंठरावांची. ते उन्हाळ्यात गेले. पोरांच्या हातात पडावीत म्हणून तिनं ती सगळी शाळेला देऊन टाकली. मुख्याध्यापक सदाशिवरावांनी कपाटाला लाल फीत बांधली आणि किल्ली खिशात घातली.

"सर, किल्ली?"

"उद्घाटनाबिगर कसं उघडता येईन, बाई? पाहुणे तारीखच देऊन नाही राह्यले!"

पाहुण्यांचा तरी काय दोष? त्या वर्षी जिल्ह्यात कापूस बुडाला होता आणि मोठी माणसं तो बुडालेला कापूस पाहण्यात गुंतली होती. दिल्लीचं पथक, मुंबईचं पथक, अभ्यास गट, पाहणी गट! झाडाला बोंडं कमी आणि बांधावर गाड्या जास्त.

शेवटी शाल्मली वर्गात म्हणाली, "पुस्तकं मिळेपर्यंत जे पाहिलंत त्याचं परीक्षण लिहा." इथंच घात झाला.

पहिलं परीक्षण कपाटाचंच आलं. 'बाहेरून छान आहे. फीत उन्हानं पांढरी पडली. आत काय आहे ते कळत नाही. दोन तारे.' सदाशिवराव खूश! त्यांना वाटलं, दोनपैकी दोन.

दुसरं फरहानाचं. तिच्या अब्बांचं, अन्सारभाईंचं, रस्त्यालगत गॅरेज. एका पथकाची गाडी नेमकी तिथंच बंद पडली, म्हणून फरहानाला अख्खं पथक दोन तास फुकटात पाहायला मिळालं. तिनं लिहिलं, 'माणसं सहा. पाच जण गाडीतच बसून राहिले. एक साहेब उतरले. समोर लालीबाईच्या वावरात कपाशीमध्ये तुरीची ओळ आहे. साहेबांनी तुरीला हात लावून कापसाचा फोटो काढून घेतला. दीड तारा. एक आल्याबद्दल. अर्धा ड्रायव्हरकाकांचा, त्यांनी अब्बाला मदत केली.'

झालं! वर्गाला विषय सापडला. मुकुटबनला मामाकडे गेलेल्या एका पोरीनं तिथल्या पथकाला अडीच तारे दिले, कारण त्यांनी अंगणात येताना चपला काढल्या होत्या.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन वाजला. फोन ठेवला तेव्हा सदाशिवरावांचा चेहरा पाण्यात पडलेल्या सरकीच्या पोत्यासारखा झाला होता.

"बाई! साहेब इचारून राह्यले, मुकुटबनच्या पथकाले अडीच अन् आमाले दीड काहून? तारे वाढवा नाहीतर ब्लॉग बंद!"

"परीक्षण फरहानाचं आहे, सर. तिला विचारा."

फरहानाला बोलावलं. सदाशिवराव मधाळ आवाजात म्हणाले, "बेटा, दीडाचे चार करून टाक."

"कसे करू सर? बाईंनी सांगतलं, कारण द्या लागते."

"मी सांगून राह्यलो, हे कारण नोहे?"

"ते तुमचं कारण झालं सर. तारे पाह्यजेत तर त्यायले पुन्हा या लागन."

आणि ते आले! सहाच्या सहा जण उतरले. साहेबांनी बूट काढले, अनवाणी वावरात शिरले आणि कपाशीला माहेरी आलेल्या लेकीसारखं कवटाळलं. मग थेट शाळेत येऊन, घाम पुसत फरहानाला म्हणाले, "काय बेटा, आता किती?"

संध्याकाळी ब्लॉगवर आलं, 'या वेळी सगळे उतरले. कपाशी ओळखली. झाडाला दोन बोंडं होती, ती साहेबांच्या मिठीत पडली. लालीबाईला काहीच विचारलं नाही. मला विचारलं, आता किती. आता एक तारा. ड्रायव्हरकाकांचा अर्धा त्यातच आहे.'

दुसऱ्या दिवशी सदाशिवराव धावत कपाटाकडे गेले. फीत हातानंच ओरबाडली, कुलूप काढलं, दारं सताड उघडली.

"घ्या! वाचा लेकहो! अन् फोन करू शकन असा लेखक पह्यले बाजूले काढा!"

असं झालं उद्घाटन. ना नारळ, ना हार.

आठवड्यानं फरहानाचं नवं परीक्षण आलं. शाल्मली ते वाचत होती.

'पुस्तक वाऱ्यापावसाबद्दल आहे. कंटाळवाणं आहे. एक तारा. पण कोणीतरी कडेला पेन्सिलनं लिहिलं आहे : हे खोटं. वा! शाल्मलीला दाखवणे. हे कडेचं लिहिणं पुस्तकापेक्षा चांगलं आहे, त्याला पाच द्यायचे होते. पण पेन्सिलवाल्यानं एकशे बाराव्या पानावर मध्येच लिहिणं सोडलं. कारण दिलं नाही. म्हणून एक कापला. चार तारे.'

सदाशिवरावांनी दारातून मान आत घातली. "बाई, याच्यावरून कोणाचा फोन तं नाही येणार ना?"

"नाही, सर."

त्यांनी जवळ येऊन पडद्यावरचं वाचलं. "मंग वाढवून टाका ना तो एक तारा. आपल्या घरचंच तं आहे."

"कसा वाढवू, सर?" शाल्मली म्हणाली. "त्यांना पुन्हा यावं लागेल."