खाली गाडीस मनाई

ज्या देशाची गाडी रिकामी धावते त्या देशाचं डिझेल, जंगल आणि भविष्य एकदमच जळतं. हे सत्य २००३ साली चंद्रपूरच्या एका वाहतूक कार्यालयाला संगणकासोबत मिळालं. (संगणक खोक्यातून आला, सत्य परिपत्रकातून.) परिपत्रकाची आज्ञा एकच होती: 'यापुढे एकही गाडी खाली राहता कामा नये.'

लिहिणाऱ्या पुण्याच्या तज्ज्ञाला म्हणायचं होतं, खाली म्हणजे रिकामी, तेव्हा परतताना माल भरा. पण चंद्रपुराकडे माल उतरवण्यालाच 'गाडी खाली करणं' म्हणतात. ऑपरेटर राजदीपने सरळ विचार केला. खाली केली की गाडी खाली होते, आणि खाली गाडीला मनाई आहे. म्हणून त्याने संगणकातून माल उतरवण्याची सोयच काढून टाकली.

निकाल डोळे दिपवणारा लागला. रिकाम्या धावा शून्य टक्के. माल उतरवतानाची मोडतोड शून्य. गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या म्हणतात (त्यांना रकाना नव्हता). कार्यालयाला हरित वाहतुकीची ढालही मिळाली. ती ट्रकने निघाली आहे, अजून उतरलेली नाही.

ट्रक ड्रायव्हर शफीभाऊ पोंभुर्ण्याहून बांबू भरून निघाले ते गोंडपिपरी, चिमूर आणि परत पोंभुर्णा असे फिरतच राहिले. बांबूला पालवी फुटली. कार्यालयाने ती वृक्षारोपणात धरली. घर रस्त्यालाच होतं. बायको अंजुम ट्रकसोबत धावत खिडकीतून डबा द्यायची. गाडी सोडून उतरावं, तर ड्रायव्हरविना केबिन खाली राहते, आणि तेही नियमात बसत नव्हतं.

अशात शुक्रवारी त्यांच्या लेकीचा, आयतचा, निकाह ठरला. शफीभाऊंचा जीव तीळतीळ तुटू लागला. त्यांनी कार्यालयापुढे ट्रक थांबवला आणि (इंजिन चालू ठेवून) खिडकीतूनच राजदीपपुढे हात जोडले.

"मले शुक्रवारी घरी जाऊ दे, भाऊ. पोरगी वाट पाहून राह्यली."

राजदीपचेही डोळे भरून आले. "मी काऊन अडवीन, शफीभाऊ? पण कम्प्युटर म्हणते, तुमच्या जागी बसाले दुसरा खाली माणूस पाहिजे."

जिल्हाभर शोध झाला. बेरोजगार अर्ज भरण्यात गुंतलेले, पुढारी उद्घाटनात, कार्यालयातले सगळे चहात. मग संगणकाने शोधाची हद्द वाढवली आणि तुमचं नाव काढलं. घरात एवढी कामं पडलेली असताना तुम्ही निवांत गोष्ट वाचत बसला आहात, तेव्हा तुमच्याइतका खाली माणूस महाराष्ट्रात दुसरा नाही. ट्रक तुमच्या गल्लीत वळला आहे. चप्पल घाला. आज गुरुवार आहे, आणि शफीभाऊंना घरी जायचं आहे.