हसाजीकाकांचं वाळवंट

वैशाखातल्या भर दुपारी, सूर्य बरोबर डोक्यावर आला की हसाजीकाका घराबाहेर पडायचे. छत्री असायची, पण मिटलेली, काखेत. अंगात कोट, डोक्याला काळी टोपी, खिशात उन्हाला उतारा म्हणून कांदा आणि हातात पाण्याचा छोटा चंबू. एखाद्यानं अडवून विचारलं, ‘‘काका, एवढ्या उन्हाचे कुठे?’’ तर काका शांतपणे सांगायचे, ‘‘वाळवंटात. येताय?’’

वाळवंट हा शब्द आमच्या चौलात कुणी वापरावा हीच मुळात कमाल. चौल म्हणजे सावलीचं गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या इतक्या दाट की जमिनीवर उन्हाचा कवडसा पडला तर कोंबड्या त्याच्याकडे संशयानं बघतात. अशा गावात काकांचा जन्म गेलेला. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू माणूस, घरचा तेलाचा घाणा, घाण्याला लागून वाडी. देह भरदार, काका झोपाळ्यावर बसले की कड्या रडायला लागायच्या. पन्नाशी उलटेपर्यंत या गृहस्थाचा उन्हाशी संबंध आला होता तो खोबरं वाळत घालण्यापुरता, आणि तेही दुसऱ्याला सांगून.

मग त्यांचा एकुलता मुलगा दानियल, घरातला दानू, इस्रायलला गेला आणि काका उन्हात आले.

त्या वर्षांत रेवदंड्याची, अलिबागची कितीतरी बेने इस्रायल घरं बोटीनं तिकडे चालली होती. दानूला तिकडे दक्षिणेला रस्त्याच्या कामावर नोकरी लागली. त्यानं कळवलं, इथे झाड नाही. आपल्या सड्यावर असतो तसाच काळा, भाजलेला दगड लांबवर पसरलाय, फक्त खाली उतरलं की वाडी येत नाही. झालं! काकांनी दुसऱ्याच दिवशी गावामागच्या डोंगरावरचा सडा, म्हणजे माथ्यावरचं ते उघडं कातळाचं पठार, वाळवंट म्हणून जाहीर करून टाकलं.

यात माझाही थोडा हात होता. मी शाळेत भूगोल शिकवायचो आणि काकांच्या शेजारी राहायचो. मी त्यांना एकदा सहज सांगितलं, की हा सगळा डोंगर म्हणजे फार पूर्वी जमिनीतून उसळून आलेला आणि थिजलेला लाव्हा आहे. तेव्हापासून काका त्या डोंगराबद्दल घरच्या दुभत्या म्हशीबद्दल बोलावं तसे बोलायला लागले. ‘‘साधा दगड नाय हा, मास्तर. ज्वालामुखी हाय!’’ आणि मे महिन्याच्या दुपारी कातळाला हात लावून, ‘‘बघा, अजून गरम हाय!’’

सड्यावर त्यांनी स्वतः तीन पायवाटा आखल्या. छोटं वाळवंट, मधलं वाळवंट आणि मोठं वाळवंट. वाटेतल्या दगडांवर पानाच्या चुन्याचे पांढरे ठिपके दिले. छोटं वाळवंट नवशिक्यांसाठी. त्या नवशिक्यांत पहिला मी. काही रविवार मी आजारपणाची कारणं दिली, पण शेजाऱ्यापुढे रोज रोज कुठून आजार आणायचा? एकदा गेलो.

निम्म्या वाटेवर घशाला कोरड पडली. मी चंबूकडे हात केला तर काकांनी चंबू पाठीमागे धरला.

‘‘अजून नाय. पुढच्या ठिपक्याला. अंगाला सांगावं लागतं, मास्तर. एकदा सांगितलं की ऐकतं.’’

माझं अंग काही ऐकेना. ते मला खाली बसवायला निघालं होतं. तेवढ्यात समोरून कातकरी बाया डोक्यावर मोळ्या घेऊन, अनवाणी, गप्पा मारत आल्या. कोटातल्या काकांना आणि लाल झालेल्या मला बघून त्या थबकल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, ‘‘वाट चुकलाव काय? पानी देव का?’’

‘‘नको, नको,’’ काका रुबाबात म्हणाले, ‘‘आम्ही वाळवंटात आहोत.’’

त्या बाया डोंगर उतरून जाईपर्यंत त्यांचं हसणं आम्हाला ऐकू येत होतं. काकांवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. पुढच्या ठिपक्याला त्यांनी मला मोजून दोन घोट पाणी दिलं आणि पाठ थोपटली.

पावसाळ्यात मात्र त्यांची फार पंचाईत व्हायची. सड्यावर गुडघाभर गवत, जागोजागी डबकी, चरणारी गुरं. एकदा श्रावणात मी मुद्दाम विचारलं, ‘‘काय काका, वाळवंट काय म्हणतंय?’’ तर चिडून म्हणाले, ‘‘बेडूक ओरडतायत तिथं! वाळवंटात बेडूक! काय इज्जत ऱ्हायली?’’ आणि ‘वाळवंट सध्या बंद आहे’ असं सगळ्या आळीत सांगत सुटले.

राहेलकाकी, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याकडे दारातल्या बाकावर बसून बघायच्या. काकींना दमा. चार वाक्यं बोलल्या की थांबायच्या, पण पाचवं हटकून ठेवणीतलं असायचं. म्हणायच्या, ‘‘आमचे वाडवडील वाळवंटात चाळीस वर्षं फिरले. ह्यांचं जेवायच्या वेळेला घरी येऊन भागतं.’’ मग धाप लागेपर्यंत हसायच्या. काका लगेच झोपाळ्यावरून उठून पाणी आणून द्यायचे आणि सांगायचे, ‘‘हसून घे. तयारी पुरी झाली की बोटीत बसवतो तुला.’’

त्यामुळे काका मुलाकडे इस्रायलला जाणार याबद्दल गावाच्या मनात शंका नव्हती. वाडी विकत घेणारे विचारून जात. काका ‘‘बघू’’ म्हणत. लोकांना वाटे, भाव वाढवतायत.

अडचण आली ती चुन्यामुळे. तो डोंगर फॉरेस्टचा राखीव. नवीन आलेल्या रेंजरसाहेबांनी फेरी मारली आणि त्यांना जंगलातले दगड रंगवलेले दिसले. दुसऱ्या दिवशी पांडू गार्ड तोंड पाडून दारात उभा. ‘‘काका, सायबांनी बोलावलंय अलिबागला. दगडांना चुना कोनी लावला, इचारत व्हते. मी सांगितलं, मना म्हाईत न्हाय. पन सगल्या गावाला म्हाईत हाय. आता डोंगर बंद करतो म्हनतात तुमाला.’’

त्या दिवशी काका जेवले नाहीत, असं काकी म्हणाल्या. मी म्हटलं, यात काय आहे, मी येतो बरोबर. साहेबाला समजावून सांगू, की म्हाताऱ्याला परदेशी जायचंय, थोडे दिवस सराव करू द्या. कोण नाही म्हणेल?

अलिबागच्या कचेरीत मी अगदी वर्गात बोलावं तसं बोललो. साहेब तरुण होता, माणूस बरा वाटला. सगळं ऐकून हसला आणि म्हणाला, ‘‘ठीक आहे. यांच्या प्रवासाची तारीख सांगा. तोवर मी त्या ठिपक्यांकडे काणाडोळा करतो. नंतर मात्र डोंगरावर पाऊल टाकायचं नाही.’’

काम फत्ते! मी काकांकडे बघितलं. आता कुठलाही महिना सांगायचा, दिवाळीनंतरचा, नाहीतर त्याच्याही पुढचा. साहेब काही तिकीट बघणार नव्हता. काका टोपी हातात घेऊन उभे होते.

‘‘तारीख नाय, साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘मी जायचाच नाय.’’

मी चाट पडलो. साहेबानं विचारलं, ‘‘मग ही तयारी कसली?’’

‘‘घरात दम्याचं माणूस हाय. बोटीचा प्रवास, तिकडची धूळ, तिला सोसायचं नाय. तिला टाकून मी जाणार नाय. पण हे तिच्या कानावर गेलं तर ती कुढत बसेल, की माझ्यापायी बापलेकांची ताटातूट झाली. म्हणून तिला वाटतं, मीच कच्चा हाय. माझीच तयारी पुरी व्हत नाय. तसंच वाटू दे. डोंगर बंद केलात तर मी तिला रोज काय सांगू?’’

साहेबानं टेबलावरची दौत बाजूला सरकवली. मग म्हणाला, ‘‘चुना खरवडून टाका. पुन्हा लावू नका. बाकी, पायवाटेनं चालायला कुणाच्या परवानगीची गरज नसते. अगदी कधीच नसते.’’

काकांनी हात जोडले. ‘‘आणि साहेब, गावात कुठं बोलू नका.’’

बाहेर आलो. मला भरून आलं होतं, आणि भरून आलं की मी मास्तरकी करतो, ही माझी वाईट खोड. एस.टी.ची वाट बघत आम्ही उभे होतो. मी म्हणालो, ‘‘काका, काकींना सांगण्यापुरतं चालायचं, तर सकाळच्या गारव्यात चाला की. भर दुपारीच कशाला भाजून घेता?’’

‘‘दानू भर दुपारी रस्त्यावर उभा असतो,’’ काका म्हणाले.

‘‘पण आपली दुपार आणि त्याची दुपार एक नाही, काका. सूर्य इथे माथ्यावर असतो तेव्हा तिकडे अजून सकाळच असते. तुम्ही भर उन्हात असता तेव्हा तो भर उन्हात नसतो.’’

काकांनी माझ्याकडे बघितलं. वर्गातल्या मुलाचं उत्तर बरोबर आलं की मी बघतो तसं.

‘‘ठाऊक हाय मला, मास्तर. ऊन आधी आपल्याकडं येतं आणि मग पुढं तिकडं जातं. म्हणून तर चालतो. त्याच्याकडं पोचायच्या आधी थोडं मी अंगावर घेतो.’’